दोन दगडांच्या जागी

छोफेलची बायको पेमकीत सकाळी शेजारी विस्तव आणायला गेली आणि रिकामी खापरी घेऊन परत आली. छोफेल तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"विझली का त्यांचीही चूल?"

"चूल कसली विझतेय! भडभडा पेटलेली. दार लावून घेतलं छुंगकीने माझ्या तोंडावर. काल माझ्याकडून मीठ नेलं उसनं, ते आत्ता तिच्या चहात विरघळत असेल. आणि मला एक निखारा देईना मेली!" पेमकीतने खापरी आपटली. पोट सांभाळत ती खाली बसली. सातवा सरत आला होता, बसताना तिला भिंतीचा आधार लागायचा.

आमच्या थेपू गावात विस्तव नाकारणं म्हणजे काय हे लहान पोरालाही कळतं. झुम्सा बसली होती. झुम्सा म्हणजे अख्खं गाव, घरटी एक माणूस, आणि वर गावाने निवडलेला पिपोन. राजाची सत्ता गंगटोकात असेल, थेपूत झुम्सेची. कधी पेरायचं, कधी कापायचं, कधी थंडीसाठी खाली रिंगथेनला उतरायचं, सगळं झुम्सा ठरवते आणि एकटादुकटा माणूस त्यात हूं की चूं करत नाही. त्या दिवशी झुम्सा बसली ती छोफेलला न बोलावता. ज्याच्याबद्दल बसायचं त्याला बोलवत नाहीत.

थोड्या वेळाने पिपोन स्वतः आला. आकु थेन्दुप, आकु म्हणजे काका. छोफेलच्या बापाबरोबर मिठाच्या खेपा केलेला माणूस. तो कुंपणाच्या आत आला नाही.

"छोफेल, ऐकतोस ना रे?"

"आत या आकु. आमा बसलीय चुलीपाशी."

"आत येता येत नाही म्हणून तर इथून ओरडतोय!" म्हातारा चिडला होता, पण तो कुणावर चिडला होता ते त्यालाच ठाऊक. "गारांनी जव झोपवला. माझे दोन याक कड्यावरून गेले, लोब्झांगचे तीन. त्या साहेबाने डोंगर फोडला आणि तू ते दगड पाठीवर वाहिलेस. जमिनीचा धनी, आपला देव, उठून बसलाय. गेले तेवढे दगड जिथल्या तिथे परत बसले पाहिजेत. तोवर तुझ्या घरी विस्तव नाही, पाणी नाही, बोलणं नाही."

"आणि उतरायचं कधी ठरलंय?"

पिपोनने मान दुसरीकडे वळवली. "गाव पौर्णिमेनंतर उतरेल. तुझं घर नाही उतरणार. दगड बसले तर उतरेल."

आत छोफेलच्या आईच्या हातातली जपमाळ थांबली.

आता हे नीट समजून घ्या. थेपूतून खाली जायला एकच वाट आहे आणि ती घळीवरच्या पुलावरून जाते. पूल म्हणजे तीन लांब ओंडके. थेपूच्या उंचीवर झाड उगवत नाही, ते ओंडके खालच्या रानातून आणलेले, जिवापाड जपलेले. हिवाळ्यात बर्फ वाहून नेईल म्हणून गाव उतरलं की शेवटचा माणूस पलीकडे जाऊन ओंडके ओढून घेतो. वसंतात परत टाकतात. मधल्या काळात थेपूत जो राहील तो राहिलाच. आजवर कुणी राहिलं नव्हतं. आणि पेमकीतची वेळ भरत होती ती नेमकी त्या मधल्या काळात.

*

हे सगळं घडलं ते एका साहेबापायी. म्हणजे तेव्हा आम्ही तसंच म्हणत होतो.

वसंतात दार्जिलिंगहून साहेबांचा मोठा तांडा आला. कांचनजुंगाच्या अंगाखांद्यावरचं एक शिखर चढायचं होतं त्यांना. चढणारे साहेब दांडगे, उन्हाने सोललेले, सदा घाईत. त्यांच्यात एकच होता ज्याला शिखराशी काही देणंघेणं नव्हतं. बेलफर्ड साहेब. किडकिडीत, चष्मेवाला, जळवांना घाबरणारा. बाकीचे वर बघत चालायचे, हा खाली. कड्याला होकायंत्र लावायचा, एक डोळा मिटून थराचा उतार मोजायचा, हातोडीने टवका उडवायचा, भिंगातून बघायचा आणि मग, तुम्हाला खोटं वाटेल, तो टवका जिभेने चाटायचा.

"मीठ शोधतोय का हा?" थेपूच्या बाया विचारायच्या.

"याकाच्या जातीचा दिसतोय," असं म्हणून छोफेल त्यांना हसवायचा. त्याला त्या साहेबाची हातोडी, पाण्याची बाटली आणि दगड वाहायला ठेवलं होतं. काम सुखाचं होतं. चढणाऱ्यांची ओझी वाहणारे बर्फात मरत होते, आणि छोफेल उन्हात बसून दगड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होता. प्रत्येक दगडावर साहेब पांढऱ्या रंगाचा आकडा टाकायचा आणि तोच आकडा नकाशावर. या डोंगराच्या जागी एकदा समुद्र होता, असं साहेबाने त्याला दुभाष्याकरवी सांगितलं तेव्हा छोफेलने घरी जाऊन आईला सांगितलं आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

दुभाष्या म्हणजे फुर्बा, हमालांचा सरदार, शेर्पा. पण तो बहुतेक वरच्या तळावर. मग साहेब आणि छोफेल यांचं बोलणं चालायचं ते हातवाऱ्यांवर आणि साहेबाच्या मोडक्या हिंदुस्तानीवर. साहेबाला तिच्यातले सात-आठ शब्द येत होते, छोफेलला त्याहून कमी. त्यांतला साहेबाचा लाडका शब्द होता 'दो'. बाटली दो, हातोडी दो. आता आमच्या बोलीत दो म्हणजे दगड! पहिले काही दिवस साहेबाने काहीही मागितलं की छोफेल दगड उचलून द्यायचा. साहेब तो दगड बघायचा, चाटायचा, कधीकधी खूश होऊन पिशवीतही टाकायचा. पुढे छोफेल सरावला. बाटलीकडे बोट दाखवून 'दो' म्हटलं तर बाटली, नाहीतर दगड, असा त्याने आपल्यापुरता हिशेब बसवला. गावाने साहेबाचं नाव ठेवलं दो-साहेब.

थेपूच्या वर, झऱ्याच्या उगमाशी एक काळी शिळा आहे. डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल खडे तिच्यात ठासून भरलेले. ती धन्याची. तिच्याजवळ कुणी मोठ्याने बोलत नाही, थुंकत नाही. एका दुपारी साहेब तिथवर चढून आला, त्याचा चेहरा लालबुंद, दम लागलेला. झऱ्याच्या खालच्या अंगाला तो मटकन बसला. छोफेल वर, शिळेपाशी उभा. साहेबाने हात लांब केला.

"दो," तो म्हणाला. "दो, दो!"

छोफेल गोठला. त्याने शिळेकडे बघितलं. साहेबाकडे बघितलं. साहेबाने पुन्हा अधीरपणे हात हलवला. एवढे दिवस मीठभाकर खाल्ली त्याची. पायात त्याने दिलेले बूट. नाही कसं म्हणायचं ते छोफेलला त्याच्या भाषेत येत नव्हतं. त्याने मनात धन्याची माफी मागितली, हातोडी उचलली आणि शिळेच्या कडेचे दोन टवके पाडले. ते दोन्ही हातांत घेऊन तो खाली उतरला. साहेबाने ते पाहिले, आणि त्याचा थकवा कुठल्या कुठे पळाला. चष्मा कपाळावर चढवून तो त्या लाल खड्यांकडे बघत बसला. मग स्वतः उठून झऱ्याला तोंड लावून पाणी प्यायला. छोफेलला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

*

वाळीत पडलेलं घर आतून कसं असतं ते ज्याचं त्याला कळतं. पेमकीत रांजण घेऊन झऱ्यावर गेली की बाकीच्या बाया भराभर वाट सोडून लांब उभ्या राहायच्या. त्यांत तिची सख्खी मावशी होती. रस्त्यातली माणसं बोलता बोलता गप्प व्हायची आणि छोफेल पुढे गेला की परत बोलायला लागायची. चूल विझू नये म्हणून आमा रात्रंदिवस तिच्यापाशी पाय दुमडून बसून राहायची. विझली तर कुणी पेटवून देणार नव्हतं. घरं बंद करून ठेवायची, याकांवर ओझी चढवायची, अशी उतरायची तयारी सगळीकडे चाललेली आणि यांच्या अंगणात सामसूम.

"माझं बाळंतपण कोण करणार?" पेमकीतने एकदाच विचारलं. "आमाचे गुडघे उठत नाहीत. तू करणार?"

"मी दगड आणतो," छोफेल म्हणाला.

"आण बाबा. लवकर आण."

तो हिमनदीच्या तोंडाशी साहेबांच्या तळावर गेला. तिथेही आवराआवर चालली होती. शिखर मिळालं नव्हतं, दोन शेर्पा बर्फात गेले होते, कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. छोफेलने या खेपेला शहाणपणा केला. आधी फुर्बाला गाठलं. एकट्याने साहेबासमोर जाऊन 'दो' म्हणायची त्याची छाती नव्हती.

फुर्बाने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, त्याचा उन्हाळ्याचा सगळा घाम आहे दगडांच्या त्या पेटीत. डोंगर चढणाऱ्यांना काही मिळालं नाही, मिळालं ते यालाच. आणि तू ते मागायला आलास?"

"माझी बायको पोटुशी आहे आछो, दादा. ते पूल काढतील."

फुर्बाने साहेबाला सांगितलं. साहेब आधी हसला, मग हसायचा थांबला, मग ताडताड बोलायला लागला. दगड हे दगड असतात, गारा आभाळातून पडतात, वगैरे. तेवढ्यात तांड्याचा म्होरक्या साहेब आला. त्याने दोनच प्रश्न विचारले. तक्रार गंगटोकला गेली तर पुढच्या वर्षी परवानगी मिळेल का? फुर्बा म्हणाला, नाही मिळणार. मग म्होरक्याने बेलफर्ड साहेबाला एक वाक्य सुनावलं आणि तो निघून गेला.

बेलफर्ड साहेब पेटीवर बसून राहिला. आपल्याच माणसाने असं कोंडीत पकडलं की माणूस कसा दिसतो, ते छोफेलला आता ओळखू येत होतं. त्याला साहेबाची कीव आली. पण गरज कीवेपेक्षा मोठी होती, म्हणून तो हलला नाही.

"घे म्हणतायत सगळे," फुर्बा शेवटी म्हणाला. "फक्त ते दोन काळे नाहीत. ते फार नामी निघाले म्हणून आधीच्याच डाकेने कलकत्त्याला गेलेत."

छोफेल उसळला. "तेच तर! बाकीचे राहूदे एक वेळ, ते दोन हवेत! त्याला म्हणावं, तूच मागितलेस ना ते? हात पुढे करून? मी देत नव्हतो!"

फुर्बाने विचारलं. साहेब गोंधळला. त्याने आठवून बघितलं. मग हळूच काहीतरी बोलला, आणि फुर्बा छोफेलकडे बघेना.

"काय म्हणाला? बोल की!"

"म्हणतो, त्याने दगड मागितलाच नव्हता. तहान लागली होती त्याला. बाटली तुझ्या खांद्याला होती. तो पाणी मागत होता."

छोफेलने खांद्यावर हात नेला. बाटली तिथे नव्हती, ती कधीच परत केली होती. तरी तो खांदा चाचपत राहिला.

*

बेलफर्ड साहेब स्वतः छोफेलबरोबर थेपूला आला. तो नसता तर ते जमलं नसतं, हे आमचं गाव अजून मानतं. दोघंही कड्याकड्याने हिंडले. साहेब आकडा बघायचा, नकाशा बघायचा, बोट दाखवायचा. छोफेल टवका जखमेवर धरून फिरवायचा, तो नेमका बसला की खाली मातीचा लेप. उन्हाळाभर जे काम सुलटं केलं ते दोघांनी उलटं केलं. साहेब दगड ठेवायच्या आधी एकेकाला शेवटचं भिंगातून बघून घ्यायचा. गाव लांबून बघत होतं. कुणी हसलं नाही. शेवटी साहेबाने छोफेलचा हात हातात घेतला, कलकत्त्याच्या दिशेला बोट केलं, दोन बोटं दाखवली, छातीवर हात ठेवला. पाठवतो, म्हणाला असणार. मग तो तांड्याबरोबर पुलावरून खाली गेला.

गाव उतरायच्या आदल्या दिवशी झुम्सा काळ्या शिळेपाशी भरणार होती. छोफेलने शिळेवर हात ठेवून सांगायचं होतं की सगळे दगड आले.

"सांग ना मग," पेमकीत म्हणाली. "आले म्हण. कोण मोजायला बसलंय? तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

"धन्याला ठाऊक आहे."

"धनी बाळंतपण करायला येणारे का माझं?"

आमाकडे त्याने बघितलं. म्हातारीने चुलीत शेणी सारली. "माझ्याकडे नको बघू पोरा. मी म्हातारी, मला कुठेही मरता येईल. ती तरुण आहे."

वर जाताना त्याने ठरवलं होतं, आले म्हणायचं. खरंच ठरवलं होतं. झुम्सा अर्धगोल करून बसली होती, मधे धुपाचा धूर. त्याने शिळेवर हात टेकला आणि त्याची बोटं नेमकी त्या दोन जखमांत गेली. धारदार, कोऱ्या. आपणच पाडलेल्या.

"आले का सगळे?" पिपोनने विचारलं.

छोफेलने एकेका जखमेत बोट फिरवलं.

"दोन नाहीत."

सभेत गलका उठला. लोब्झांग ओरडला, "म्हटलं नव्हतं? साहेबाने पळवलेच!"

"साहेबाने नाही पळवले. त्याने मागितलेसुद्धा नव्हते. तो पाणी मागत होता. मला वाटलं दगड मागतोय. माझ्या हाताने फोडले मी."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरा हसला. आणि मग एकदम सगळे गप्प झाले, कारण पिपोन थेन्दुप हसत नव्हता. तो शिळेकडे बघत होता.

"मूर्खा," तो हळू आवाजात म्हणाला. "आले म्हणाला असतास तर मी मान हलवून उठलो असतो रे. तुझ्या बापाची आण, उठलो असतो."

"म्हणता नाही आलं, आकु."

"आता मला झुम्सेपुढे काही करता येत नाही. सगळ्यांनी ऐकलंय." म्हाताऱ्याने डोळे पुसले. "भिंतीतून दोन दगड निघाले की भोक राहतं. भोकात काहीतरी भरल्याशिवाय धनी आत बसायचा नाही. काय भरणार सांगा तुम्हीच!"

छोफेलने हात शिळेवरून काढला नाही.

"मी राहतो," तो म्हणाला. "त्या दोघांच्या जागी. हिवाळाभर राखण करतो, रोज धूप घालतो. पण पेमकीत आणि आमा उद्या गावाबरोबर उतरतील. त्यांना विस्तव मिळेल, पाणी मिळेल, सुईण मिळेल. त्या पूल ओलांडताना मला दिसल्या पाहिजेत."

मग एकेकाने मान हलवली.

पेमकीत पुलापर्यंत त्याला शिव्या घालत आली. सगळ्या गावासमोर. "दोन शब्दही नीट ऐकू येत नाहीत का रे तुला? पाणी नि दगड कळत नाही? आणि खोटं एक बोलायचं तर तेही जमेना! कसला नवरा पदरात पडला माझ्या!" आमाला तिच्या पुतण्याने पाठीवर घेतलं होतं. पुलाच्या मध्यावर पेमकीत थांबली, मागे वळली, आणि शिव्या द्यायचं तिला सुचेना. "जळण पुरवून वापर," एवढंच ती म्हणाली. मग ओंडके एकेक करून पलीकडे गेले. तिसरा ओंडका ओढताना लोब्झांगने छोफेलकडे पाठ फिरवली.

*

हिवाळा कसा गेला हे छोफेलने कुणालाच धड सांगितलं नाही. जे आम्हाला कळलं ते तुकड्यातुकड्यांनी.

सुरुवातीला तो गावातल्या बंद दारांवरून हात फिरवत फिरायचा, सगळ्या घरांची राखण आपल्याकडेच आहे असं समजून. मग बर्फ दारांच्या वर चढलं आणि फक्त त्याच्या घरापासून शिळेपर्यंतची वाट उरली, तीही रोज नव्याने खोदायची. काही दिवस तेवढीही नाही. दार उघडलं की समोर पांढरी भिंत. छपराच्या धुराड्यातून तो बाहेर डोकं काढायचा आणि श्वास घ्यायचा. पेमकीतची वेळ झाली असेल असं ज्या दिवसांत वाटलं, त्या दिवसांत त्याने चूलसुद्धा नीट पेटवली नाही. मुलगा की मुलगी, जिवंत की नाही, काही कळायची सोय नव्हती. घळीच्या काठावर उभा राहून तो पलीकडे हाका मारायचा. पलीकडे कुणी नाही हे त्याला माहीत होतं, तरी मारायचा.

तो शिळेशी बोलायला लागला. आधी माफी मागायला. मग भांडायला. "तुला पाणी पाजत होतो का दगड?" असलं काहीबाही. मग दोन्ही बाजूंनी आपणच बोलायला लागला आणि आपल्याच आवाजाला दचकायला लागला. झरा गोठला होता, प्यायला बर्फ वितळवावं लागे आणि जळण पुरवायचं तर पाणी कमी. तहानेने जीभ टाळ्याला चिकटायची. मीठ संपलं तेव्हा एके दिवशी त्याने काय करावं? शिळेची कड चाटली. थंड, कडवट, मिठाचा मागमूस नाही. तिथेच बर्फात बसून तो साहेबाची आठवण काढून वेड्यासारखा हसला, आणि हसणं थांबेना म्हणून घाबरला.

वसंतात पलीकडे माणसांचे आवाज आले तेव्हा तो घळीपाशी गेला नाही. त्याला वाटलं, हेही आपलेच आवाज.

ओंडके पडल्यावर पहिला पिपोन आला. त्याच्या मागे पेमकीत, पाठीला बांधलेलं गाठोडं. गाठोड्यातून एक लालबुंद नाक बाहेर आलेलं.

"मुलगी आहे," ती म्हणाली. छोफेलची दाढी, खोल गेलेले डोळे, काळी पडलेली बोटं, सगळं तिने एकदा बघितलं. "बोल काहीतरी."

त्याने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. मग तिनेच पोरीला सोडवून त्याच्या हातात दिली, आणि तो ढसाढसा रडला.

तिच्याजवळ आणखी एक वस्तू होती. एक लाकडी डबी, डाकेने कलकत्त्याहून गंगटोकला आणि तिथून खेचरावर रिंगथेनला आलेली. आत कापसात दोन काळे दगड, पांढरे आकडे टाकलेले. साहेबाने शब्द पाळला होता. फक्त दोन्ही दगडांची एक बाजू करवतीने कापलेली होती, आरशासारखी गुळगुळीत. आत काय आहे हे बघायला साहेबलोक पातळ काप काढतात म्हणे.

छोफेलने ते जखमांवर धरले. बसले. पण पुरते नाही. काप गेला होता तिथे नखाएवढी फट राहिली. गाव श्वास रोखून बघत होतं. पिपोन थेन्दुप पुढे झाला, आपल्या शिदोरीतलं लोणी काढलं, अंगठ्याने त्या फटीत दाबून भरलं आणि हात कपड्याला पुसले.

"भरली," तो म्हणाला. "आता कुणी काही बोलायचं नाही. ने रे बायको-पोरीला घरी."

पुढे सगळं पूर्वीसारखं झालं, म्हणजे जेवढं होतं तेवढं. छुंगकी विस्तव द्यायला लागली, उसनं मीठही तिने परत केलं. लोब्झांग छांगची, घरच्या दारूची, सुरई घेऊन आला आणि काही न बोलता बसून गेला. छोफेल मात्र घराचं दार लावू देईना. बर्फात, वाऱ्यात, दार उघडं. आमा कुरकुर करत राहिली, मेली तोवर.

पोरगी चालायला लागली तशी बोलायला लागली. अंगणात बसून ती हात पुढे करायची, "दो! दो!" तिला खेळायला खडा हवा असायचा, आमची सगळी पोरं खड्यांनीच खेळतात. पायाशी पन्नास खडे पडलेले असायचे. पण छोफेल हातातलं काम टाकून आत धावायचा आणि वाटीभर पाणी आणून तिच्या ओठाला लावायचा. पोरगी चिडून वाटी उडवायची. तो दुसरी भरून आणायचा. येणारेजाणारे कुंपणाशी थांबून पोट धरून हसायचे.

पेमकीत कधी हसली नाही. ती सांडलेलं पाणी पुसायची, अंगणातला एक खडा उचलून पोरीच्या मुठीत द्यायची, आणि नवऱ्याच्या हातातली वाटी घेऊन ते पाणी स्वतः प्यायची.